नावाचा रकाना

वाघमारे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आमच्या खानावळीत बसून दुसऱ्यांच्या उष्ट्या ताटांकडं बघत होत्या. पुढ्यात चहा गार होत होता. कस्तुराबाई ताट उचलून मोरीकडं निघाली की यांची मान ताटाबरोबर फिरायची आणि ओठ हलायचे. जप करतात की काय, असं वाटलं. सुती साडी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, पायात मात्र पळायचे पांढरे बूट, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

मला वाटलं, अन्न खात्याच्या असतील. ती माणसं अशीच येतात, आधी चहा पितात. मी गल्ल्यावरून उठलो नाही. लातुरात एवढी वर्षं खानावळ चालवली, कुणासाठी उठलो नाही. बसल्या जागेवरून विचारलं, काय बघून राहिलात बाई?

"तुमच्याकडं भात कोणी टाकत न्हाई," त्या म्हणाल्या. "वरण टाकतात. शेवटच्या पंगतीला पातळ होतं का?"

होत होतं. गर्दी वाढली की कस्तुराबाई पातेल्यात तांब्या ओतायची. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि वर महादेवाला. मी उलट विचारलं, तुमचं नाव काय?

"सुजाता वाघमारे. बिलोलीची."

नाव सांगून त्या जरा थांबल्या. आमच्या भागात काही माणसं आडनाव सांगितलं की अशी थांबतात, समोरच्याचं तोंड वाचायला. माझ्या तोंडावर त्यांनी काय वाचलं ते त्यांनाच माहीत. गार झालेला चहा मात्र त्यांनी संपवला आणि दुसरा मागितला.

तेवढ्यात आतून माझी महानंदा आली आणि लाजून अर्धी झाली. म्हणाली, अप्पा, ह्या आमच्या मॅडम हायत, शनिवारच्या.

महानंदा माझी धाकटी. लग्न होऊन सोलापूरला गेली आणि दोन वर्षांत परत आली. त्याची गोष्ट तिची आहे, मी सांगणार नाही. परत आल्यावर ती खानावळीत बसली. लातुरात आता घरोघरी क्लासची पोरं. डॉक्टर व्हायला कुठून कुठून येतात आणि आईच्या हातचं आठवून रडतात. महानंदानं त्यांना हॉस्टेलवर डबे पोचवायला सुरुवात केली. मग फोनवरून डबा मागवायची सोय केली. उद्या भाजी कोणती पाहिजे ते पोरं आज रात्रीच दाबून सांगायची. तिला ती स्टार्टअप म्हणायची. मी चाकं लावलेली खानावळ म्हणायचो. चालत मात्र होती. आठ बाया स्वयंपाकाला लागल्या होत्या.

आता तिला नांदेडला दुसरं स्वयंपाकघर काढायचं होतं. तिथंही क्लास, तिथंही हॉस्टेलं. पुण्याचे एक साहेब पैसे घालायला तयार होते, पण म्हणत होते, तुमचेही थोडे घाला. आमचे म्हणजे माझा औशाचा प्लॉट. तो बँकेत गहाण टाकायचा आणि त्यावर सही माझी. मी सांगितलं, जे मला कळत नाही त्यावर मी सही करत नाही. मी चौथी शिकलो तरी कुणाला अंगठा दिलेला नाही. महानंदा चिडून म्हणाली, मग या शनिवारी क्लासला, कळून घ्या. तिला वाटलं मी येणार नाही. म्हणून गेलो.

क्लास औसा रोडला, खताच्या दुकानाच्या माडीवर. खालून वास यायचा तो वेगळाच. मॅडम नांदेडहून सकाळच्या बसनं यायच्या. आधी पुण्याला मोठ्या कंपनीत होत्या. नव्या धंद्यांचे आकडे तपासायचे आणि पैसे द्यायचे की नाही ते सांगायचं, असलं काम. आईची किडनी गेली म्हणून सोडून आल्या. आठवड्यात तीन दिवस आईला घेऊन दवाखान्यात, उरलेल्या दिवसांतला शनिवार आम्हाला.

पोरं होती दहा-बारा. ड्रोननं फवारणी करून देणारा एक, शेळ्यांचा बाजार फोनवर भरवणारा एक, असले. माझं वय बघून त्यांनी मागं खुर्ची दिली. मॅडमनी ती उचलून पुढं आणली आणि माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. मी म्हणालो, मी नुसता ऐकायला आलोय. त्या म्हणाल्या, ऐकून पोहता येत न्हाई अप्पा.

तिथं त्या धंद्याचं मॉडेल करायला शिकवायच्या, लॅपटॉपवरच्या शीटमध्ये पुढच्या वर्षाचा हिशेब. मॉडेल म्हणजे काय, ते त्यांनी मला एवढंच सांगितलं. "धंदा काढायच्या आधी तो कागदावर बुडवून बघायचा. कागदावर बुडला तर कपडे ओले होत न्हाईत."

हे मला पटलं. पहिल्याच दिवशी पटलं, पण तसं मी बोललो नाही.

शिकवायची त्यांची रीत अशी. जो आकडा तुम्ही सांगितला तो निळ्या रंगात. डबा केवढ्याला, पोरं किती, गॅस किती, हे निळं. त्यातून जे आपोआप निघतं ते काळ्यात. नफा काळा, तोटा काळा. कुणी तोटा बघून कुरकुर केली की म्हणायच्या, काळ्याशी भांडू नका, भांडण निळ्याशी करा. आणि सगळ्यात खालची ओळ म्हणजे महिन्याच्या शेवटी हातात उरलेला पैसा. तिला त्या श्वास म्हणायच्या. नफा नंतर बघू, आधी श्वास चालू हाय का बघा. तो आकडा शून्याच्या खाली गेला की तांबडा व्हायचा.

आणखी एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या शिकलेल्या माणसात बघितली नाही. प्रत्येक निळ्या आकड्याशेजारी एक रकाना. त्यात माणसाचं नाव. हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला? तेलाचा भाव असेल तर किराणावाल्याचं नाव. भाडं असेल तर घरमालकाचं. नाव नसेल तर त्या आकड्यावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, ह्याला आई-बाप न्हाईत. बेवारस आकडा माझ्या वर्गात चालणार न्हाई.

ड्रोनवाल्यानं लिहिलं होतं, महिन्याचे तीसही दिवस काम. मॅडमनी विचारलं, कुणी सांगितलं? तो म्हणाला, इंटरनेटनं. मॅडम म्हणाल्या, इंटरनेट औशाच्या वाऱ्यात उभं राहिलं व्हतं का कधी? पोरगा पुढच्या शनिवारी तीन शेतकऱ्यांची नावं घेऊन आला आणि तीसचे अकरा झाले.

मी एकदा विचारलं होतं, मॅडम, नावाचा एवढा हट्ट का? त्या म्हणाल्या, आकड्याला परत विचारता येत न्हाई अप्पा. माणसाला येतं.

आणि हात. दुसऱ्याच्या शीटला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. शेजारी उभ्या राहायच्या तेव्हा दोन्ही हात पाठीमागं, शाळेत गुरुजींनी उभं केल्यासारखे. किती तरी वेळा बोटं शिवशिवलेली मी पाहिली. मागच्या मागं एक हात दुसऱ्याला धरून ठेवायचा. मोजताना तोंडातल्या तोंडात तेलुगू यायची, ओकटी, रेंडू, मूडू. बिलोलीला तेलंगण हाकेवर. लहानपणी आजोळी मोजायला शिकल्या ते तसंच राहिलं म्हणे.

माझी पहिली चूक सगळ्या वर्गानं पाहिली. कुठलाही हिशेब सुरू करताना वर श्री लिहायचा ही आमच्या घरची चाल. मी पहिल्या महिन्याच्या चौकोनात श्री लिहिला आणि कमाई दुसऱ्या महिन्यापासून धरली. पुढचे सगळे महिने आधीच्या महिन्यावर बेतलेले. झालं, आख्खी ओळ बिघडली, चौकोनाचौकोनात इंग्रजी शिव्या दिसायला लागल्या. पोरं फिदीफिदी. शेळीवाला म्हणाला, अप्पांचा देव कोपला. मी लॅपटॉप मिटून उठायच्या बेतात.

मॅडम हसल्या नाहीत. त्या महादेव मानत नाहीत, त्यांच्या घरात बुद्धाचा फोटो. त्या माझ्या शेजारी वाकल्या, हात पाठीमागं, आणि वर एक नवी ओळ कशी घालायची ते सांगितलं.

"देवाला वरची ओळ द्या अप्पा," म्हणाल्या. "बेरजेत नका घेऊ."

मी श्री वर बसवला. खालचे महिने एकदम सरळ झाले. ते शीट अजून तसंच आहे.

दुसरी खेप पगाराची. मी बायांचे पगार लिहिले, डबे पोचवणाऱ्यांचे लिहिले, प्रत्येकाचं नाव रकान्यात. मॅडम वाचत खाली आल्या आणि विचारलं, महानंदा कुठं हाय? मी म्हणालो, ही काय बसलीय. त्या म्हणाल्या, शीटमधी कुठं हाय?

मी म्हणालो, ती घरची. घरच्याला कसला पगार?

"पहाटे चारला उठून भाजी कोण आणतं?"

"तीच."

"उद्या तिला ताप आला तर तिच्या जागी फुकट कोण येणार हाय, त्याचं नाव लिहा."

मी पुष्कळ नावं आठवली. आमची थोरली सून, महानंदाची मावशी, शेजारची. एकाही नावापुढं फुकट लिहिता येईना. महानंदा खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होती, जिला आधीच टोक होतं. शेवटी मी पगार लिहिला. मी लिहिला तो बघून मॅडम म्हणाल्या, कस्तुराबाईपेक्षा कमी? मी वाढवला. त्या महिन्यापासून तो तिला खराच द्यायला लागलो. एकदा शीटमध्ये लिहिल्यावर न देणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं आणि मी खोटं बोलत नाही. महानंदानं पहिल्या पगारात मला चप्पल आणली. मला जुनीच बरी होती. नवी घातली.

उपासाचं प्रकरण मात्र माझ्या अंगाशी आलं. आमच्या खानावळीला श्रावणी सोमवारी आणि शिवरात्रीला कुलूप असायचं. तो हिशेब डोक्यात धरून मी त्या दिवसांचा खर्च अर्धा केला होता. पोरं उपास धरणार, जेवणार नाहीत, आपली बचत. मोठ्या मानानं रकान्यात माझं स्वतःचं नाव लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, उपासाला काय खातात? मी म्हणालो, थोडं फराळाचं. म्हणाल्या, म्हणजे काय काय, मला ठाऊक न्हाई, आमच्यात उपास न्हाई, सांगा. मी सांगत गेलो, साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटा, तूप, एखादं केळ. सांगता सांगता त्या मला एकेकाचा भाव विचारत गेल्या आणि मी आपला सांगत गेलो. शेंगदाण्याला आलो आणि माझ्याच तोंडातला शब्द मला कडू लागला. ज्वारीची भाकर आणि पालेभाजीच्या दुप्पट होत होतं. शिवाय पोरं महिन्याचे पैसे देतात, सोमवारी त्यांना कुलूप दाखवता येत नाही.

मॅडम खरोखरीच विचारात पडल्या. म्हणाल्या, मग तुम्ही लोक उपास करता कशाला अप्पा? वर्गात जे हसले त्यात मीही हसलो. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आमच्या आईनं हजारदा म्हटलेलं. शीटमध्ये भरताना ते आठवलं नाही.

असं करत करत लातूरचं मॉडेल तयार झालं आणि श्वास वर्षभर काळा राहिला. महानंदाचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. मग नांदेडचं पान उघडलं.

पुण्याचे साहेब सोमवारी येणार होते. त्यांचं म्हणणं, नांदेड दिवाळीनंतर लगेच काढा, जानेवारीत चारशे डबे दाखवा, मग पैसे सोडतो. महानंदानं निळ्यात चारशे लिहिले. सगळं कसं छान वर चढत गेलं. नावाच्या रकान्यात तिनं लिहिलं, साहेब.

मॅडमनी ते वाचलं. "साहेब खाणार हायत का चारशे डबे?"

वर्ग हसला, महानंदा हसली नाही. म्हणाली, माणूस मोठा हाय, अशा किती कंपन्या बघितल्यात त्यानं. मॅडम म्हणाल्या, बघितल्या असतील, पण नांदेडच्या हॉस्टेलात ऱ्हायलेत का? साहेबांना तारीख पुढं ढकलायला सांगा आठ दिवस. महानंदानं कसंबसं सांगितलं. नांदेडच्या हॉस्टेलांत विचारायला तिला इथलं सोडून जाता येत नव्हतं. मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, अप्पा, तुम्ही या गुरुवारी.

गेलो. त्या दिवशी नांदेडात मी मॅडमच्या स्कूटरवर मागं बसून फिरलो. या वयात, बाईच्या मागं, धोतर सावरत. शिरूर अनंतपाळला आमचे भाऊबंद आहेत, त्यांनी बघितलं असतं तर महिनाभर बोलायला पुरलं असतं. मॅडम स्कूटर अशी चालवायच्या की मी सगळ्या ज्योतिर्लिंगांची नावं घेतली. उतरलं की मात्र त्या एक पाऊल मागं. म्हणायच्या, तुम्ही विचारा, खानावळ तुमची. मी सवयीनं आधी विचारायचो, काय काय टाकून देता ताटात? पोरी खुलायच्या. एकीनं तर वरणाची नक्कल करून दाखवली.

ती देगलूरची. आरती. मी म्हणालो, मग आमचा डबा लाव की पोरी, वरण घट्ट देतो. ती म्हणाली, "आजोबा, मेसचे पैसे ॲडमिशनलाच घेतलेत, वर्षाचे. ते वापस मिळत न्हाईत. अन्न कसं बी असू द्या, बाबांना दुसऱ्यांदा कुठून मागू?"

पुढच्या हॉस्टेलातही तेच. त्याच्या पुढच्यातही. लातुरात आमची पोरं महिन्याच्या महिन्याला देतात, म्हणून मला, महानंदाला, कुणालाच हे सुचलेलं नव्हतं. एक हॉस्टेलवाला तर चांगला माणूस निघाला. म्हणाला, जूनला या अप्पा, ॲडमिशनच्या वक्ताला, तुमच्याशीच बोलणी करतो. पण जून म्हणजे आठ महिने लांब. खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी काही पोरं मिळाली, तेवढीच. मॅडम तोंडातल्या तोंडात मोजत होत्या. तीसला थांबल्या.

शनिवारी दुपारी, पंगती उठल्यावर, त्या खानावळीत आल्या. महानंदानं त्यांचा लॅपटॉप उघडला. मी जे ऐकलं ते सांगितलं, आरतीच्या शब्दांत. महानंदानं चारशे खोडून तीस लिहिले आणि आम्ही तिघं खालच्या ओळीकडं बघत राहिलो. डिसेंबर काळा. जानेवारी काळा. फेब्रुवारी तांबडा, मार्च तांबडा, पुढं सगळंच. नांदेडनं लातूरचा श्वासही ओढून घेतला होता.

तिनं परत चारशे लिहिले. सगळं काळं झालं.

"मॅडम, तुम्ही शिकवायला आलात का मोडायला?"

मॅडमचे हात पाठीमागं होतेच. "शीट तुमचं हाय. चारशे ठेवायचे तर ठेवा. नाव टाका."

"माझं टाकते."

"टाका."

तिनं स्वतःचं नाव टाकलं. मॅडमनी ते वाचलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्याकडंही बघितलं नाही. प्लॉटचे कागद माझ्या पुढ्यात होते, पेन खिशात होतं, हे त्यांना दिसत होतं. त्या उठल्या, म्हणाल्या, पाणी पिऊन येते, आणि बाहेर गेल्या. पाण्याचा माठ आतच होता, त्यांच्या कोपराशेजारी.

महानंदा म्हणाली, अप्पा, बोला काहीतरी.

मी म्हणालो, "प्लॉटचं सोड. माझ्या मागं तो तुझाच हाय, ठेव न्हाईतर बुडव. फेब्रुवारीत कस्तुराबाई पगार मागायला आली की तिला काय सांगशील तेवढं मला सांग. मी तिथं नसन."

आत भांडी घासायचा आवाज येत होता. कस्तुराबाई कुणाला तरी शिव्या देत होती, बहुतेक घासणीला. महानंदानं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग तिनं आपलं नाव खोडलं. तीस लिहिले. शेजारी लिहिलं, आरती, देगलूर. आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आत निघून गेली.

मॅडम रस्त्यापलीकडं टायरच्या दुकानापुढं भर उन्हात उभ्या होत्या. मी हात केला तेव्हा आल्या. शीट बघितलं, टॉवेल घेतला, आपला लॅपटॉप गुंडाळला आणि बसला गेल्या.

साहेब आले. माणूस बरा होता. नावांचा रकाना बघून म्हणाले, असं मी कुठंच पाहिलं नाही. दोनदा भात घेऊन जेवले. पैसे मात्र दिले नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्यानंतर महानंदानं शनिवार सोडला. मॅडमनी माझे पंख कापले, असं कस्तुराबाईला म्हणाली. मला म्हणाली नाही. मी मात्र जात राहिलो. मला अर्ध्यात सोडायची सवय नाही. महानंदा टोमणा मारायची, अप्पा, तुम्ही कोणती कंपनी काढून राहिलात? मी म्हणायचो, बघ तू.

मी एकदा मॅडमना सुचवलं, तुम्हीच एक फोन करा. त्या म्हणाल्या, "न्हाई अप्पा. राग तिचा हाय. त्याला मी हात लावत न्हाई." पण वर्ग सुटल्यावर बसला जाताना त्या खानावळीपुढून जायच्या आणि चाल जरा हळू व्हायची. पांढरे बूट आमच्या दारापुढं मंदावायचे. महानंदा आतून बघायची. मी दोघींना बघायचो. असं कित्येक शनिवार चाललं.

उन्हाळ्यात एका शनिवारी माडीला कुलूप दिसलं. खतवाला म्हणाला, मॅडमची आई गेली. मी नांदेडला भेटायला निघालो तेव्हा महानंदानं हातात डबा दिला. एका खोलीत त्या जमिनीवर बसल्या होत्या. दवाखान्याची पिशवी खुंटीला तशीच. डबा उघडला, त्यात बघितलं, झाकण लावलं आणि मांडीवर धरून बसल्या. आता इथं काय करू अप्पा, एवढंच म्हणाल्या. हैदराबादला कुठं तरी नोकरी बघितलीय म्हणाल्या.

महानंदानं जूनमध्ये नांदेड काढलं. साहेबांचे पैसे नाहीत, प्लॉट गहाण नाही. लातूरच्या शिलकीतून एक छोटी जागा भाड्यानं घेतली. त्या चांगल्या हॉस्टेलवाल्याशी ॲडमिशनच्या आधीच बोलणी केली. मॉडेल तिनं एकटीनं केलं, मला दाखवलं. रकाना भरलेला होता.

पहिल्या दिवशी मी शेगडीजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. लातूरहून कस्तुराबाईला आणलं होतं, ती नव्या बायांना दमात घेत होती. पहिले डबे गाडीत चढत होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडं स्कूटर उभी दिसली. मागं दोरीनं बांधलेली पेटी, तिच्यावर वळकटी. मॅडम उतरल्या नव्हत्या. एक पाय जमिनीवर ठेवून आमच्या दाराकडं बघत होत्या. ओठ हलत होते.

मी उठायच्या आत महानंदा उठली. हाताला पीठ तसंच. गाड्यांमधून वाट काढत पलीकडं गेली. दोघी बोलायला लागल्या. इथून ऐकू काही येत नव्हतं. महानंदा आमच्या दाराकडं हात करत होती, मॅडम मान हलवत होत्या. मग महानंदानं एकदम वाकून स्कूटरची चावी काढून घेतली आणि मूठ पाठीमागं लपवली. मॅडमनी हात पुढं केला. महानंदा देईना. भर रस्त्यात दोघी चौथीतल्या पोरींसारख्या. मॅडम हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग हसता हसता थांबल्या, आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

महानंदानं चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटून धरली. बराच वेळ धरली. मॅडमच्या मनगटावर पीठ लागलं असणार. मागून ऑटोवाला बोंबलत होता, त्याच्याकडं दोघींनी लक्ष दिलं नाही.

मग स्कूटर सुरू झाली. पेटीमुळं जरा डुलली, सावरली, आणि देगलूर नाक्याच्या बाजूला, हैदराबादच्या रस्त्याला लागली. मॅडमनी मागं वळून बघितलं नाही, गर्दीत बघताही आलं नसतं.

महानंदा परत आली. मी काय बोलणं झालं ते विचारलं नाही, अजून विचारलेलं नाही. ती म्हणाली, अप्पा, उठा, तुमची खुर्ची वाटेत हाय. मी उठलो.